सहकुटुंब ब्रिटनला जाण्याचा पाच वर्षांचा हिशेब

वही-पेन (धागाकर्ता, रेडिंग)

गेल्या दोन वर्षांत पुण्यातील ओळखीच्या सहा-सात कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: चौघांनी तिकडे यायचे तर हाताशी किती रक्कम असावी? दर वेळी मी काहीतरी आकडा सांगितला आणि दर वेळी तो कमी निघाला. म्हणून ऑगस्ट २०२१ पासून ठेवलेली खर्चाची वही समोर घेऊन हा धागा काढत आहे. मी संगणक क्षेत्रात नोकरी करतो, पत्नी पुण्यात शाळेत शिकवत होती, आणि निघताना मुले दहा व तीन वर्षांची होती. पुढील सगळे ‘स्किल्ड वर्कर’ (कुशल नोकरदारांसाठीच्या) व्हिसावर सहकुटुंब येणाऱ्यांविषयी आहे. विद्यार्थी म्हणून येणाऱ्यांचे गणित वेगळे असते, आणि डॉक्टर, परिचारिका यांच्यासाठी असलेल्या व्हिसाचे शुल्क कमी असून त्यांना आरोग्य अधिभारही (सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ घेतले जाणारे पैसे) भरावा लागत नाही.

आधी सरकारी पैसे. एप्रिल २०२५ च्या दराने तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या व्हिसाचे शुल्क माणशी १,५१९ पौंड होते. तान्हे बाळ असले तरी हाच दर. शिवाय आरोग्य अधिभार: प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, अठरा वर्षांखालील मुलांना ७७६ पौंड, आणि हा वर्षाच्या वर्षाला भरायचा नसून व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकरकमी, अर्ज करतानाच. चौघांच्या कुटुंबाला पाच वर्षांसाठी व्हिसाचे ६,०७६ आणि अधिभाराचे १८,११० असे एकूण २४,१८६ पौंड होतात. पौंडाचा भाव ११८ रुपये धरला तर ही रक्कम साडेअठ्ठावीस लाखांवर जाते, आणि तेव्हा तुम्ही अजून विमानाचे तिकीटही काढलेले नसते.

हा अधिभार एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. जानेवारी २०१९ मध्ये तो ४०० झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १,०३५. आम्ही आलो तेव्हा चौघांचे मिळून १५,८२० पौंड झाले होते. त्या वेळच्या भावाने ते सोळा लाख रुपये होते आणि मला ते अवाच्या सवा वाटले होते. अधिभार भरला म्हणजे पगारातून कापला जाणारा कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी निवृत्तिवेतन वगैरेसाठीची सक्तीची वर्गणी) चुकतो, असेही नाही. तेही द्यावेच लागतात. आणि मुदतीआधी कायमचे परत गेलात, तर उरलेल्या वर्षांचा अधिभार परत मिळत नाही.

यातील किती वाटा कंपनी उचलते, हे नियुक्तिपत्र स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. अनेक कंपन्या फक्त कर्मचाऱ्याचे शुल्क भरतात. पत्नी आणि मुलांचे तुमचे तुम्ही भरायचे, हे आम्हाला मुंबईत निरोपसमारंभ झाल्यावर कळले. कंपनीने भरलेली रक्कम दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास परत करावी लागेल, अशी अट बहुधा करारात असते. मात्र प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राचे (परदेशी कर्मचाऱ्याला बोलावण्यासाठी कंपनी काढते त्याचे) शुल्क आणि ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ (असा कर्मचारी घेतल्याबद्दलचा आकार) हे कायद्याने कंपनीने भरायचे पैसे आहेत. ते तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत.

आता पगार. इथे सगळ्यांची एकच चूक होते आणि मीही ती केली: पगाराला ११८ ने गुणायचे आणि खर्चाला गुणायचेच नाही. ४५,००० पौंड म्हणजे ५३ लाख रुपये, हे ऐकून घरी पेढे वाटले जातात. त्यातून प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स गेल्यावर महिन्याला सुमारे २,९९० पौंड हातात येतात, आणि निवृत्तिवेतनाची कपात झाली की त्याहून कमी. करमुक्त १२,५७० पौंडांची मर्यादा ज्याची त्याला असते. ती नवराबायकोत एकत्र धरली जात नाही, त्यामुळे एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या घराला, तेवढीच रक्कम दोघे मिळून कमावणाऱ्या घरापेक्षा जास्त कर पडतो.

आमच्या पहिल्या तीन महिन्यांत जे घडले त्याची तयारी आम्ही अजिबात केली नव्हती. इंग्लंडमध्ये घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे वाचून मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात नवीन आलेल्या माणसाची इथे कर्जफेडीची कोणतीही नोंद नसते आणि जामीन राहणारेही कोणी नसते, त्यामुळे घरमालकाने सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले. भाडे १,२५० पौंड, म्हणजे ७,५०० आगाऊ आणि १,४४२ अनामत, असे जवळजवळ नऊ हजार पौंड एका दुपारी खात्यातून गेले. घर मिळेपर्यंत सव्वीस दिवस आम्ही तात्पुरत्या जागेत काढले, तो खर्च निराळा. काउन्सिल टॅक्स हा घरपट्टीसारखा कर इथे भाडेकरूने भरायचा असतो. आम्हाला तो महिन्याला पावणेदोनशे पौंड होता, वर्षातील दहा हप्त्यांत.

मुले सरकारी शाळेत विनाशुल्क शिकतात आणि आजारपणात दवाखान्याचे बिल येत नाही, ही दोन सुखे खरी आहेत आणि ती मी कमी लेखणार नाही. परंतु शाळा सव्वातीनला सुटते. त्यानंतर मूल सांभाळण्यासाठी दिवसाला १४ पौंड द्यायचे किंवा दोघांपैकी एकाने अर्धवेळ काम करायचे. आमच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असते, त्यामुळे मुलांसाठीचा सरकारी भत्ता मिळत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला आठवड्याचे पंधरा तास पाळणाघर सर्वांनाच फुकट मिळते, पण नोकरदार आईवडिलांना मिळणारे तीस तास, दोघांवरही ही अट असेल तर, मिळत नाहीत. धाकट्याच्या पाळणाघराने त्या वर्षी आमची सगळी शिल्लक खाल्ली. पत्नीचे शिक्षक म्हणून काम सुरू व्हायला अडीच वर्षे लागली. त्या अडीच वर्षांतील तिच्या पुण्यातल्या पगाराची ओळ मी वहीत कधीच लिहिली नव्हती. ती गेल्या महिन्यात तिने स्वतः लिहिली.

सामान काय आणावे हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून थोडक्यात: भारतातला मिक्सर आणा. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टची आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. पोळपाट-लाटणे आणि कुकर आणा. लाकडी देव्हारा आणू नका, आम्ही त्याच्यासाठी जास्तीच्या सामानाचे जे पैसे भरले त्यात इथे जेवणाचे टेबल आले असते.

शेवटी कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला सगळे आयएलआर म्हणतात. त्याचे शुल्क एप्रिल २०२५ च्या दराने माणशी ३,०२९ पौंड, मुलांनाही तेवढेच. चौघांचे १२,११६ पौंड, म्हणजे आणखी सव्वाचौदा लाखांच्या वर. तो पाच वर्षांनी मिळतो या गृहीतकावर आम्ही आलो. मे २०२५ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून ही मुदत साधारणपणे दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला आहे. तसे झाले तर व्हिसा आणि अधिभार पुन्हा एकदा संपूर्ण भरावे लागतील. जो येणार आहे त्याने पाच नव्हे, दहा वर्षांचा हिशेब मांडूनच निघावे, हे सांगण्यासाठी एवढे लिहिले. आपापले अनुभव लिहावेत.

उंबरठ्यावर (नाशिक)

अत्यंत उपयुक्त धागा. माझ्या हातात नियुक्तिपत्र आहे आणि फेब्रुवारीत निघायचे ठरत आहे. दोन शंका आहेत. नाशिकच्या फ्लॅटवर अजून अकरा वर्षांचे कर्ज आहे. तो भाड्याने द्यावा की विकून टाकावा? आणि पत्नीचा व मुलाचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा असून तो फक्त मराठीत आहे, तो चालतो का?

वही-पेन

मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडावे लागते, ते सहज होते. मुलाच्या दाखल्यावर नाव चढवलेले आहे का, ते मात्र आजच पाहा. आमच्या थोरलीच्या दाखल्यात नावाची जागा कोरी होती आणि ती भरून घ्यायला महापालिकेत तीन आठवडे गेले. भारतातून येणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी सक्तीची आहे, तिचीही वेळ आधी घ्यावी. फ्लॅटविषयी जाणकारांनी लिहावे.

तेरीज (पुणे)

मी सनदी लेखापाल आहे. परदेशी निघालेल्या अशिलांच्या फायली हाताळताना असे दिसते की तिकडच्या खर्चाचा अंदाज थोडाफार तरी घेतलेला असतो, इकडे मागे ठेवलेल्या मालमत्तेचा खर्च मात्र कोणीच मांडलेला नसतो.

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता. साधे बचत खाते त्यानंतर तसेच चालू ठेवता येत नाही, ते बँकेला कळवून एनआरओ (अनिवासींचे भारतातील रुपयांचे खाते) करून घ्यावे लागते. आधीपासूनचे पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, पण पुढे वाढवता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर भाडेकरूने भाडे देताना ३० टक्के आणि वर उपकर कापून सरकारकडे भरायचा असतो, मग भाडे कितीही कमी असो. पुष्कळ भाडेकरूंना हे माहीत नसते. ज्यांना माहीत असते ते अनिवासी मालकाचे घर घेत नाहीत किंवा भाडे पाडून मागतात. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण तोवर गृहकर्जाचा हप्ता तुम्हाला पौंडांतून भरावा लागतो.

विकायचे असेल तर शक्यतो निघण्यापूर्वी विका. निवासी माणसाने पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर विकले तर खरेदीदार १ टक्का कर कापतो. विकणारा अनिवासी असला तर दीर्घ मुदतीच्या नफ्यासाठी १२.५ टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर, आणि तोही नफ्यावर नव्हे तर पूर्ण किमतीवर कापला जातो. कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढले तर हे टळते, पण त्यात काही आठवडे जातात आणि खरेदीदार तेवढे थांबत नाही. एनआरओ खात्यातून परदेशी नेण्याची मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांना ती कधी आडवी येत नाही, प्रत्येक वेळी करावी लागणारी कागदपत्रे मात्र येतात.

शेतजमीन असलेल्यांसाठी वेगळी सूचना. सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल तर जमीन तुमचीच राहते, वारसाने आलेलीही ठेवता येते, पण अनिवासी झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. निवृत्तीनंतर गावी चार एकर घेण्याचे स्वप्न असेल तर क्रम लक्षात ठेवावा.

आणि एक गोष्ट जी दोन्ही देशांतले सल्लागार एकमेकांवर ढकलतात. तुम्ही ब्रिटनचे करनिवासी झालात की भारतातील उत्पन्नही तिकडे करपात्र ठरू शकते. एप्रिल २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांना, आधीची दहा वर्षे ते तिथले निवासी नसतील तर, पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर सूट मिळवता येते. त्यानंतर मुदत ठेवीचे व्याज, घरभाडे, इतकेच नव्हे तर इकडे करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजसुद्धा तिकडच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. भारतातील म्युच्युअल फंडांच्या नफ्यावर तिथे भांडवली नफ्याऐवजी सामान्य उत्पन्नाच्या दराने कर लागण्याची शक्यता असते, कारण बहुतेक फंड तिथल्या कर खात्याच्या यादीत नोंदवलेले नसतात. निघण्यापूर्वी एकदा बसून हे सगळे पाहून घ्यावे. लेखापालाची फी लेखापालाने सुचवावी हे बरे दिसत नाही, तरी लिहितो.

वही-पेन

मी २०२१ मध्ये आलो, म्हणजे माझी पहिली चार करवर्षे ही नवी सूट सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच संपली. वहीत नवे पान उघडले आहे.

रोखठोक (लंडन)

धागा चांगला आहे, पण चित्र जरा काळे रंगवले आहे असे मला वाटते. मी बारा वर्षे इथे आहे. पुण्यात दोन मुलांच्या बऱ्या शाळेचे शुल्क, बस, शिकवण्या आणि कुटुंबाचा आरोग्यविमा मिळून वर्षाला जे होते ते पाच वर्षांचे एकत्र करून पाहा. ते साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास सहज जाते. जो खर्च तिकडे सुटा-सुटा होतो तो इथे पहिल्या दिवशी एकदम घेतला जातो, म्हणून तो डोळ्यांवर येतो. माझी पत्नीही इथे नोकरी करते, आणि डिपेंडंट (सोबत येणाऱ्या जोडीदाराच्या) व्हिसावर कोणतीही नोकरी करता येते, ही सोय सगळ्या देशांत नाही. दोघे कमावत असतील तर तिसऱ्या वर्षापासून हिशेब पालटतो. बहुतेकांचे बिघडते ते पहिल्याच वर्षी मोठे घर आणि गाडी घेतल्यामुळे.

वही-पेन

तुमचे शाळेचे गणित मान्य आहे. फक्त तुम्ही बारा वर्षांपूर्वी आलात तेव्हा हा अधिभार अस्तित्वातच नव्हता, आणि पुढे पाच वर्षांत तुम्ही कायम झालात. आमच्या घरात आता जी चिंता आहे ती अशी: थोरली दहा वर्षांची असताना आलो, ती २०२९ मध्ये अठरा वर्षांची होईल. इंग्लंडमधील विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्याचे शुल्क २०२५-२६ साठी कमाल ९,५३५ पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्याचे बहुतेक ठिकाणी दुपटीहून अधिक, आणि त्याला सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. स्थानिक ठरण्यासाठी सहसा अभ्यासक्रम सुरू होताना कायम वास्तव्याचा परवाना हातात असावा लागतो. तो पाच वर्षांनी, म्हणजे ऑगस्ट २०२६ नंतर मिळाला तर प्रश्न नाही. दहा वर्षांनी, म्हणजे २०३१ मध्ये मिळाला, तर आठ वर्षे इथल्या शाळेत शिकलेली, इथे कर भरणाऱ्यांची मुलगी विद्यापीठाच्या दारात परदेशी ठरेल. एका नियमाच्या बदलाने घराच्या हिशेबात किमान तीस-चाळीस हजार पौंडांचा फरक पडतो. दहा-बारा वर्षांचे मूल घेऊन निघणाऱ्यांनी वरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा हा आकडा आधी पाहावा.

दाढदुखी (मँचेस्टर)

मी दंतवैद्य आहे. वर ‘डिपेंडंट व्हिसावर कोणतीही नोकरी करता येते’ असे वाचले आणि लिहावेसे वाटले. कोणतीही करता येते, स्वतःची करता येत नाही.

महाराष्ट्रात बीडीएस करून नऊ वर्षे माझा स्वतःचा दवाखाना होता. इथे दंतवैद्य म्हणून नाव नोंदवण्यासाठी ओआरई ही परीक्षा द्यावी लागते. तिचे दोन भाग असतात, प्रत्येक भागाला चारच संधी मिळतात, आणि पहिला भाग प्रथम दिल्यापासून पाच वर्षांत दुसरा उत्तीर्ण व्हावे लागते. अभ्यास कठीण आहे, पण तो करता येतो. खरी अडचण जागांची आहे. नोंदणी सुरू झाली की काही मिनिटांत जागा संपतात. पहिल्या प्रयत्नात मी पडद्याकडे पाहत बसले आणि जागा गेल्या, दुसऱ्या वेळी नवराबायको दोघे दोन संगणक घेऊन बसलो. तोवर मी एका दवाखान्यात स्वागतकक्षात काम केले. समोरच्या खुर्चीतल्या रुग्णाला काय झाले आहे हे मला कळत होते आणि माझे काम त्याला पुढची वेळ देणे एवढेच होते.

दवाखाना विकताना यंत्रसामग्रीचे आलेले पैसे पाच जणांच्या व्हिसात गेले, कारण आम्हाला तीन मुले आहेत. रुग्णांच्या नोंदी आणि नऊ वर्षांचा विश्वास यांचे पैसे कोणी देत नाही. हा खर्च मांडायचा कसा, मला ठाऊक नाही. पण जाणाऱ्या पुरुषांना एक सुचवते: ज्या दिवशी तुमच्या हातात नियुक्तिपत्र येते त्याच दिवशी पत्नीच्या व्यवसायाची इथली परीक्षा कोणती, ती किती वर्षांची आणि किती खर्चाची आहे, हे दोघांनी मिळून शोधा. वकील, फार्मासिस्ट, परिचारिका, प्रत्येकाची परीक्षा वेगळी आहे. आम्ही हे इथे आल्यावर शोधले.

उंबरठ्यावर

माझी पत्नी फार्मासिस्ट आहे. आज रात्री हाच विषय काढतो.

मांडवीतीर (म्हापसा)

आमच्या गोव्यातील प्रकरण निराळे असले तरी या हिशेबात बसते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, आणि ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत त्यावर सरळ तिकडे जाऊन काम करता येत असे. माझा थोरला भाऊ असाच स्विंडनला गेला. व्हिसाही नाही आणि अधिभारही नाही. पुढे कायम होण्याचा अर्जही विनाशुल्क होता. त्याला म्हणे खर्च काहीच आला नाही.

परंतु दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे नागरिकत्व संपते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मतदार यादीतून नाव गेले. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे) काढून येता-जाता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही आणि निवडणुकीला उभे राहता येत नाही. तो निघण्यापूर्वी आमच्या गावचा पंच होता. २०२० च्या अखेरीस युरोपीय संघाचे ते दार बंद झाले, त्यामुळे आता त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या माझ्या पुतण्याला, हातात पोर्तुगीज पासपोर्ट असूनही, तुम्ही वर लिहिलेले सगळे पैसे भरावे लागतील.

धाकटी (सांगली)

मी कुठेही गेलेली नाही. माझा भाऊ गेला, पत्नी आणि मुलाला घेऊन, सहा वर्षे झाली. या धाग्यावर मागे राहणाऱ्यांपैकी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते.

आईवडील सांगलीत राहतात, मी मिरजेत. २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा पाणी त्यांच्या जिन्यापर्यंत आले होते. मी आणि माझ्या यजमानांनी त्यांना रात्री आमच्या घरी आणले. दादाने दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे पाठवले, आणि गरजेपेक्षा जास्तच पाठवले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या वर्षी माझी सगळी रजा संपली आणि पुढच्या वर्षी बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी बिनपगारी रजा घेतली. ती रक्कम मी दादाला कधी सांगितली नाही, कारण बहिणीने आईवडिलांच्या सेवेचे बिल काढले असे होईल.

आईबाबांना तिकडे नेता येईल अशी समजूत घरात बराच काळ होती. २०१२ पासून त्या व्हिसाचे नियम इतके कडक आहेत की ज्यांना दैनंदिन कामांसाठीही दुसऱ्याची मदत लागते, आणि ती भारतात पैसे देऊनही मिळू शकत नाही, अशांनाच तो मिळू शकतो. मी जवळ आहे, म्हणजे मदत मिळते. म्हणजे माझ्या असण्यामुळेच तो अर्ज टिकणार नाही, असे दादाला तिथल्या वकिलाने सांगितले. राहिला पर्यटक व्हिसा, तोही एका वेळी सहा महिन्यांपुरता. आई एकदा जाऊन आली. बाबांना मधुमेह आणि हृदयविकार असल्यामुळे प्रवासी विम्याचा हप्ताच तिकिटाच्या जवळ गेला, म्हणून ते गेले नाहीत.

परदेशी जाणाऱ्या भावांना एवढेच सांगायचे आहे की हिशेबाच्या वहीत मागे राहणाऱ्या भावंडाच्या नावाने एक पान ठेवा, आणि त्यात काय लिहायचे ते त्याला विचारून लिहा.

परतीचा-प्रवासी (ठाणे)

आम्ही चार वर्षांनी परत आलो. त्यामागची कारणे इथे महत्त्वाची नाहीत, परतण्याचा खर्च मात्र कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. माझी नोकरी गेली. अशा वेळी कंपनी गृहखात्याला कळवते आणि नवा प्रायोजक शोधायला सहसा ६० दिवस मिळतात. नोटीस येईपर्यंतचे दिवस धरून आम्हाला जेमतेम तीन महिने मिळाले. घराचा करार मुदतीआधी मोडला, गाडी पडत्या किमतीला विकली, आणि तिकिटे ऐन डिसेंबरात काढावी लागली. नॅशनल इन्शुरन्स चार वर्षे भरला होता. तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षे लागतात, त्यामुळे त्यातून आजवर काही पदरात पडलेले नाही. ज्यांना दहा वर्षांनंतर ते मिळते आणि जे भारतात येऊन राहतात, त्यांचे वेतनही सुरुवातीच्या आकड्यावर गोठते, तिकडची वार्षिक वाढ इकडे लागू होत नाही.

मुलगी आठवीत होती. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरी ती मराठी बोलत होती, पण लिहिणे दुसरीतच थांबले होते. दोन वर्षे शिकवणी लावली. मूळ धाग्यातील खर्चात माझी भर एवढीच: चौघांची परतीची तिकिटे आणि तीन महिन्यांचा घरखर्च ही रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला घराच्या अनामतीसाठीसुद्धा हात लावू नका.

वही-पेन

सर्वांचे आभार. ‘उंबरठ्यावर’ यांनी व्यक्तिगत निरोपात एकच आकडा मागितला आहे, तो इथेच देतो: सरकारी शुल्क सोडून, आणि कंपनी काही देत असेल तर ते सोडून, हाताशी किमान १५,००० पौंड असल्याशिवाय चौघांनी एकत्र निघू नये. तेवढे नसतील तर आधी एकट्याने यावे आणि सहा महिन्यांनी कुटुंबाला आणावे. मी तसे केले नाही. केले असते तर ते सहा महिने मुलांशिवाय गेले असते, म्हणून हा सल्ला मी छातीठोकपणे देत नाही.

‘धाकटी’ यांचा प्रतिसाद वाचून रविवारी भावाला फोन केला. तो पुण्यात आईबाबांसोबत राहतो. त्याच्या नावाने वहीत काय लिहू, असे मी सरळ विचारले. तो आधी हसला, मग म्हणाला, ‘पैसे नकोत. पुढच्या गणपतीत दहा दिवस तुम्ही या आणि घर सांभाळा, आम्हाला चौघांना एकदा कुठेतरी जाऊन यायचे आहे. सात वर्षांत गेलो नाही.’

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. इथल्या शाळा तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. पाच किंवा त्याहून अधिक दिवस विनापरवानगी रजा घेतली तर दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड दंड होतो आणि तो तीन आठवड्यांत भरला नाही तर दुप्पट. दोन मुले, दोन पालक. वहीत ३२० पौंडांची ओळ कालच लिहिली आहे, तिकिटे या आठवड्यात पाहतो.